फोडशी, मुसळी की आणखी काही?

प्रश्न : बाई, पहिल्या पावसानंतर वेताळ टेकडीवर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं दिसली. आई म्हणते फोडशी, मित्र म्हणतो सफेद मुसळी. पुढच्या रविवारी सिंहगडाच्या वाटेवर तशीच, पण मोठी फुलं होती. दोन्हींचे फोटो पाठवलेत. ही सगळी एकच का? आईला भाजीसाठी पानं खुडायची आहेत. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आईंना आधी थांबवा, मग वाचा.

टेकडीवरच्या फुलाबद्दल दोघांचंही बरोबर आहे. ते क्लोरोफायटम ट्यूबरोझम. पावसाळ्यात मंडईत त्याच्या पानांच्या जुड्या फोडशी किंवा कुलू म्हणून येतात आणि त्याच्या कंदांना सफेद मुसळीही म्हणतात. शेतात लावतात ती सफेद मुसळी मात्र वेगळी, क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. बोरिवलीवरून नाव पडलेल्या या जातीचं वर्णन १९५५ साली झालं. दोघींचे कंद वेगळे असतात. ट्यूबरोझमचे बारीक मुळांच्या टोकाला लोंबतात, बोरिव्हिलिएनमचे थेट बुडख्यापासून झुबक्याने निघतात. पण तेवढ्यासाठी टेकडीवरचं झाड उपटू नका.

सिंहगडाचं फूल मुसळीच्या घरातलंच नाही. पाकळ्या मोजून काही कळत नाही, सगळ्यांच्या सहाच भरतात. फूल आडवं धरून बघा. फोडशीत हिरवं बीजकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या मधोमध बसलेलं असतं. तुमच्या दुसऱ्या फुलाला खाली लांब नळी आहे आणि बीजकोश तिच्याही खाली. आता आत डोकावा. पुंकेसरांचे दांडे बुडाशी जुळून पातळ पांढरी वाटी झालीय आणि दोन केसरांच्या मध्ये वाटीच्या काठाला छोटे दात आहेत. हे पॅनक्रेशियम. वाटी नसती आणि केसर सुटे असते, तर गडांबी कांदा, म्हणजे क्रायनम म्हणाले असते. त्यातही पाकळीवर मधोमध गुलाबी पट्टा असेल तर बहुधा क्रायनम लॅटिफोलियम.

मीही फसलेय. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तेव्हा चालता चालता लांबूनच ‘क्रायनम’ म्हणून मोकळी झाले. मागून एका मुलीने फूल खुडून पुढे धरलं. त्या वाटीत पावसाचा थेंब अडकला होता. ती काही बोलली नाही.

गंमत म्हणजे नव्या वर्गीकरणात यातलं एकही लिलीच्या कुळात उरलेलं नाही. फोडशी गेली शतावरीच्या घरी, बाकीची दोघं ॲमॅरिलिसच्या.

भाजीचं म्हणाल, तर पॅनक्रेशियम आणि गडांबीचे कांदे विषारी, आणि फुलं येण्याआधी नुसत्या पानांवरून भले भले चकतात. म्हणून फोडशी मंडईतली, ओळखीच्या भाजीवालीकडचीच घ्या. पानं सुटी करून धुवा, बुंध्यात माती दडलेली असते.

पुढच्या वेळी फोटो वरून नको, बाजूने काढा. या वेळचा दुसरा फोटो नशिबाने वाकडा आला, म्हणून नळी दिसली.