मनगटातला दोरा आणि स्कापा फ्लो

प्रश्न : तारकर्लीला दोनदा स्कूबा केलंय. सप्टेंबरात मुलीकडे एडिंबराला जातोय. तिथून ऑर्कनी बेटांवर जाऊन स्कापा फ्लोमधली पहिल्या महायुद्धातली बुडालेली जर्मन जहाजं बघायची आहेत. पाणी थंड आणि गढूळ असतं म्हणे, पण मला पोहता उत्तम येतं. दोन दिवस पुरतील ना? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही पुरणार. मी मालवणची, म्हणून राग न मानता ऐका. तारकर्लीला तुम्हाला कुणीतरी मागून टाकी धरून फिरवलं असणार. ती सहल झाली.

२१ जून १९१९ला जर्मन अ‍ॅडमिरल रॉयटर यांनी ब्रिटिशांच्या नजरकैदेतला आपला ताफा स्वतःच बुडवला. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला गेली. बरीचशी पुढे भंगारासाठी वर काढली, सात मोठी खालीच राहिली. त्यातल्या तीन युद्धनौका तोफांच्या भाराने पालथ्या झाल्यात, त्याही ४० मीटरच्या आसपास खोल. त्यांचा विचारही नको. चार क्रूझर, म्हणजे हलक्या युद्धनौका, कुशीवर पडल्यात. त्यातली 'कार्ल्सरूहे' सगळ्यात उथळ, तरी २५ मीटर.

मी पहिल्यांदा तिच्यावरच उतरले. बोयाच्या दोराला धरून खाली जाताना आधी सगळं हिरवं, मग काळपट. जहाज 'दिसलं' असं झालंच नाही. टॉर्चच्या उजेडात अचानक गंजकी भिंत नाकासमोर आली. तेवढ्यात डाव्या हातात बर्फासारखी धार शिरली. ड्रायसूटच्या, म्हणजे आत पाणी न येऊ देणाऱ्या पोशाखाच्या, मनगटाला घट्ट रबरी पट्टी असते. आईने बांधलेला लाल दोरा मी तसाच ठेवला होता, तो पट्टीखाली वातीसारखा झाला आणि पाणी कोपरापर्यंत आलं. बोटं बधिर झाली, गडबडीत पाय झाडले आणि तळाचा गाळ असा उठला की स्वतःचा हात दिसेना. जोडीदाराने दंड धरून दोरापर्यंत आणलं. दोरा आता पाकिटात असतो. आईला सांगितलेलं नाही.

तिथलं पाणी वर्षभर ६ ते १४ अंश. म्हणून ड्रायसूट आलाच, आणि तो वेगळा शिकावा लागतो : आतली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होतो. आधी ओपन वॉटर हा पहिला कोर्स, मग ३० मीटरचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा. तारकर्लीतच एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. ड्रायसूट स्कॉटलंडमध्येच उथळ पाण्यात शिका. जहाजाच्या पोटात शिरायचं नाही, आठवण म्हणून खिळाही उचलायचा नाही. ही जहाजं कायद्याने संरक्षित आहेत. तिथेच बुडालेल्या 'रॉयल ओक' या ब्रिटिश युद्धनौकेवर तर उतरायलाच बंदी. १९३९मध्ये पाणबुडीच्या हल्ल्यात ती ८३५ जणांना घेऊन गेली.

यंदा मुलीला घेऊन चर्चिल बॅरिअर्सच्या, म्हणजे बेटं जोडणाऱ्या बांधांवरच्या, रस्त्याने जा. वाट अडवायला मुद्दाम बुडवलेल्या जहाजांचे सांगाडे तिथे रस्त्यावरूनच दिसतात. ओहोटीची वेळ गाठा, जास्त दिसतील.