हेडलाईटचा बल्ब बदलायचाय? आधी वायर तपासा

प्रश्न: आम्ही चोपड्याचे. केळीचा माल भरायचा असला की रावेर-यावलकडे रात्री-बेरात्री जाणं-येणं असतं. गाडी ९ वर्षांची, हॅलोजनवाली, एच फोर बल्ब (लांबचा-जवळचा लाईट एकाच बल्बात). हल्ली डिपरवर, म्हणजे जवळच्या लाईटवर, रस्ताच दिसत नाही. इथला एकजण म्हणतो १००/९० चे बल्ब टाका, दिवसासारखा उजेड पडेल. माझं वय ५६. कोणता बल्ब घेऊ? (एक वाचक, चोपडा)

उत्तर: भाऊ, १००/९० तेवढे घेऊ नका, हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मी स्वतः घेतले होते. तुमचा कंपनीचा बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्परला (लांबच्या लाईटला) ६० आणि डिपरला ५५. ६० वॉटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट लागतो, १०० वॉटला ८ च्या वर. गाडीतली वायर, स्विच, होल्डर सगळं त्या ५ च्या हिशोबाने बसवलेलं असतं. मी टाकले तेव्हा पहिले आठ दिवस खूप खूश होतो, मग एकदा एरंडोलच्या अलीकडे जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला, बोनेट उघडून बघतो तर होल्डर तपकिरी पडून मऊ झालेला, बल्बची एक पिन त्यातच चिकटलेली, आणि रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशाची, चांदी वरच्या बाजूने काळवंडलेली. बल्ब स्वस्तात आले होते, हेडलाईटचा अख्खा सेट मात्र नवीन घ्यावा लागला.

आता मुद्द्याचं. ९ वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा याच बल्बवर तुम्हाला दिसत होतं ना? मग उजेड गेला कुठे ते आधी शोधायचं. एक मल्टिमीटर घ्या किंवा मेकॅनिककडून मागून आणा, इंजिन चालू, लाईट चालू, आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा आणि मग होल्डरच्या मागे पिना टेकवून बघा. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.९ होतं आणि होल्डरवर १२.३. दीड व्होल्टच तर गेला असं वाटेल, पण हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. माझा एक तृतीयांश उजेड त्या जुन्या वायरीत आणि गंजलेल्या अर्थिंगमध्येच (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरीत) मुरत होता, बल्बाचा काही दोष नव्हता. अर्थिंगचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासला, होल्डर नवीन टाकले आणि रिले किट बसवलं, म्हणजे बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मग रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि तिथून बल्ब, जुन्या स्विचने फक्त रिले चालू-बंद करायचा. तेच ६०/५५ चे बल्ब, आणि रस्ता बघून घरच्यांनी विचारलं की नवीन लाईट टाकले का. तुमच्यापेक्षा नवी, सगळं कॉम्प्युटरवर चालणारी गाडी असेल तर वायर कापू देऊ नका, सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

दुसरं म्हणजे काच. ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं आणि उन्हाने पिवळं पडतं, आपल्याकडच्या एप्रिल-मे च्या उन्हात तर विचारूच नका. पाणी मारत मारत १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरने घासायचं, नंतर कंपाउंडने पॉलिश, आणि वरून यूव्हीचं कोटिंग हवंच, ते नाही केलं तर काही महिन्यांत परत पिवळं होतं. आतली चांदीच उडाली असेल तर मात्र घासून उपयोग नाही, सेट बदला.

तिसरं, फोकस. हे कोणीच करत नाही आणि याला पैसेही लागत नाहीत. टायरची हवा बरोबर करा, सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, सीटवर कोणालातरी बसवा. बल्बच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे, डावीकडे ती किंचित वर चढते, ते बरोबरच आहे, साईडपट्टी दिसावी म्हणून तसं असतं. आणि स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकडे असलेलं एक छोटं चाक असतं बघा, मागे माल किंवा माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा ते चाक २-३ वर न्यायचं. खूप जणांना ते चाक कशाचं आहे हेच माहीत नसतं.

एवढं सगळं करून मग बल्ब घ्या. चांगल्या कंपनीचा ६०/५५ च, साधा किंवा डब्यावर प्लस ९०, प्लस १३० असं लिहिलेला. ते आकडे म्हणजे सगळा उजेड दुप्पट असं नाही हं, फिलामेंटची (बल्बातल्या तारेची) बनावट वेगळी असते म्हणून रस्त्याच्या ठराविक पट्ट्यात जास्तीत जास्त तेवढा फरक पडतो. फिलामेंट जास्त तापत असल्याने आयुष्य कमी, तेव्हा एक जोडी डिकीत ठेवा. बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. निळ्या काचेचे बल्ब बिलकुल नकोत, तो निळा रंग उजेड अडवूनच येतो.

आणि भाऊ, ५६ वय म्हणताय तर डोळेही तपासून घ्या. वय वाढतं तशी अंधारात बाहुली पहिल्यासारखी मोठी होत नाही, मोतीबिंदू सुरू होत असेल तर समोरच्या लाईटभोवती कडी दिसतात, त्याला कुठलाच बल्ब कामाचा नाही. शिवाय ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद म्हणजे ३३ मीटर, मग थांबायला आणखी ३५, झाले जवळपास ७०. डिपरवर तेवढं लांबचं स्पष्ट दिसत नाही. ६० ला हेच अंतर ४५ वर येतं. बल्ब कोणताही टाका, रात्री ६०.

प्रश्न: मी साक्रीहून सुरतला जातो, कोंडाईबारी घाटात पावसात आणि धुक्यात त्रास होतो. हॅलोजन काढून त्याच जागी ६००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा एलईडी टाकला तर चालेल का? की पिवळा घेऊ? (एक वाचक, साक्री)

उत्तर: नका टाकू दादा. एच फोरचा बल्ब हातात घेऊन नीट बघा, डिपरच्या फिलामेंटखाली एक इवलीशी धातूची वाटी दिसेल. ती वाटी खालचा उजेड अडवते म्हणून डिपर वर जात नाही. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या फिलामेंटची जागा धरून बनवलेला असतो, मिलीमीटरचा हिशोब. एलईडीची चिप जरा जरी पुढे-मागे झाली किंवा बल्ब वाकडा फिरून बसला तरी उजेड सगळीकडे पसरतो. तुम्हाला वाटतं काय भारी लाईट पडला, कारण गाडीच्या नाकापुढचा रस्ता पांढराफेक दिसतो, पण जवळ जास्त उजेड झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमीच दिसतं. पावसात ओला डांबर रस्ता तो पांढरा उजेड पुढे फेकून देतो, तुमच्याकडे फार थोडा परत येतो.

समोरच्याचं काय होतं ते मी भोगलंय. पारोळ्याच्या पुढे रात्री नऊच्या सुमारास समोरून असाच पांढरा लाईट आला, दोन-तीन सेकंद काहीच दिसेना, आणि डोळे उघडतात तर २० पावलांवर कापसाने भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. गाडी साईडपट्टीवर उतरली म्हणून वाचलो, बायको शेजारी होती, अंगणात गाडी लावेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, पण बोलणार. कायदाही हेच सांगतो, केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १०६ नंबरच्या नियमाप्रमाणे ८ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे तुमच्या लाईटने दिपायला नकोत, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही. कंपनीतूनच एलईडी लाईट असलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिचं लेन्सच त्यासाठी बनवलेलं असतं.

पिवळ्याचं म्हणाल तर पिवळा उजेड धुकं फाडतो असं सगळेच म्हणतात, पण धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. फॉगलॅम्पचा फायदा रंगामुळे नाही, तो खाली बसवलेला असतो आणि उजेड आडवा-सपाट पडतो म्हणून आहे. निळसर पांढऱ्यापेक्षा हॅलोजनचा पिवळट उजेड डोळ्यांना कमी टोचतो एवढं मात्र खरं. घाटात धुकं लागलं की अप्पर बंद, डिपर आणि फॉगलॅम्प चालू, काच आतून पुसलेली, आणि वायपरचं रबर दिवाळीची वाट न बघता पावसाळ्याआधीच नवीन.

प्रश्न: बाईकला ३५/३५ चा बल्ब आहे, कारचा ६०/५५ त्यात बसवता येईल का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: दिसायला दोन्ही सारखेच, पण नको. बाईकची बॅटरी आणि चार्जिंग तेवढं ओढत नाही, आणि एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना तर इंजिन चालू की लाईट चालूच, म्हणजे दिवसभर तो भार पडणार. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तापून खराब होतो तो वेगळाच. ३५/३५ चाच चांगल्या कंपनीचा घ्या, अर्थिंग साफ करा, आणि मागे डबलसीट असलं की फोकस वर जातो, तो हेडलाईटखालचा स्क्रू फिरवून दोघं बसूनच सेट करा.