फौजदारी कुणाची?

प्रश्न आला आहे : ‘कोठडीतल्या मृत्यूबद्दल बातमीत कधी “दंडाधिकारी चौकशी” येतं, कधी “न्यायालयीन चौकशी”. दोन्ही एकच ना?’

नाही हो! हे एकच समजून मथळे देणाऱ्यांनी वैताग आणलाय. दंडाधिकारी दोन जातींचे. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपले तहसीलदार, प्रांत. पोलिसांसोबत बंदोबस्ताच्या बैठकीला बसणारे. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतले. संशय पोलिसांवरच असेल तर कुणापुढे जबाब द्यायला लोक धजावतील? म्हणून तर 2005 च्या दुरुस्तीनं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 176 मध्ये नवं पोटकलम घातलं : कोठडीत मृत्यू झाला, माणूस बेपत्ता झाला किंवा बलात्काराचा आरोप असला, तर चौकशी न्यायपालिकेतल्याच दंडाधिकाऱ्यानं करायची. बदलापूर प्रकरणातला आरोपी सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेणारा अहवाल अशाच चौकशीतून आला. ‘न्यायालयीन चौकशी’ म्हणताना लोकांच्या मनात असतो तो बहुधा न्यायमूर्तींचा आयोग; त्याचा कायदा वेगळा, 1952 चा.

असो. यात खरा मजेचा शब्द ‘फौजदारी’, आणि तो कुणी विचारतच नाही.

फौज बाळगणारा तो फौजदार. मोगलाईत बंडखोर, दरोडेखोर यांना चेपणं त्याचं काम, आणि दंगेधोपे, लुटालूट यांचे निवाडेही पुष्कळदा त्याच्याच कचेरीत. पाटलाची पाटीलकी, तशी फौजदाराची फौजदारी! 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी आणि फौजदारी अदालती थाटल्या. मुंबईतही सदर फौजदारी अदालत होती. 1862 मध्ये ती उच्च न्यायालयात विलीन झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे बघा, आपण पोलीस सब-इन्स्पेक्टरला बोलताना फौजदार म्हणतो, आणि त्यानं कुणाला बडवलं तर त्याच्यावर खटला भरतो तोही ‘फौजदारी’. माझं तर म्हणणं आहे, पकडणारा आणि निवाडा करणारा एकच असण्याची आपली जुनी सवय या एका शब्दात जशी गोठली आहे तशी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. राज्यघटनेच्या कलम 50 नं दोघांना वेगळं करा म्हटलं, मुंबई राज्यानं 1951 मध्ये तसा कायदाही केला, पण देशभर ही फारकत झाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, 1 एप्रिल 1974 पासून.

‘फौज म्हणजे मारामारी, म्हणून मारामारीचे खटले फौजदारी’ असं छातीठोक सांगणारे पंडित भेटतात. मग दिवाणी दावे काय दिवाणावर लोळून चालवतात?

शुद्धीवाल्यांचं आणखी निराळं. त्यांना फारसी नको, म्हणून हिंदीतून ‘दांडिक न्यायालय’ उचलून आणतात. अहो, दंड म्हणजे मुळात काठी. फौजदाराला दारातून हाकललात आणि त्याचा दंडुका न्यायालयाच्या पाटीवर टांगलात! ‘न्यायदंडाधिकारी’वरही माझा हाच राग आहे. कोठडीतल्या मृत्यूच्या चौकशीत मृत्यू कसा झाला एवढंच बघायचं असतं. दंड कुणाला करायचाय? नुसतं ‘न्यायाधिकारी’ का चालू नये, हे पारिभाषिक शब्द पाडणाऱ्यांनी एकदा सांगावं.