टिश्यू केळीचा आणि टिश्यू माणसाचा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञानला आहे. नीटचा भरवसा वाटत नाही, म्हणून डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करायचं म्हणते. पण ऊतींचा धडा तिच्या डोक्यात राहत नाही. वडील विचारतात, "आमच्याकडे टिश्यू म्हणजे केळीची रोपं. त्याचा लॅबशी काय संबंध? आणि धडाच जमत नसेल तर या लाइनला घालावं का?"

नमस्कार भाऊ,

शब्द एकच आहे. एका कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचा समूह म्हणजे टिश्यू, मराठीत ऊती. केळीच्या कोंबाच्या टोकातल्या पेशी अख्खं झाड नव्याने उभं करतात, म्हणून बाटलीत रोपं तयार होतात. माणसाच्या ऊतींना ते जमत नाही. कातडी आणि रक्त सतत नवं होतं, पण हृदयाचा स्नायू झटक्यात मेला की तिथे वण उरतो.

मुलीला ऊतींच्या चार प्रकारांची नावं पाठ करायला लावू नका. प्रत्येक ऊतीला एकच प्रश्न विचारायला सांगा: हिची रचना अशी का? फुप्फुसाच्या वायुकोशातली अभिस्तर, म्हणजे आवरणाची, ऊती चपट्या पेशींच्या एकाच थराची, कारण तिच्यातून प्राणवायू आरपार जायचा असतो. कातडीत तिचेच अनेक थर, कारण तिथे घासणं सोसायचं असतं. संयोजी, म्हणजे जोडणाऱ्या, ऊतीत पेशी विरळ आणि मधलं द्रव्य जास्त. ते द्रव असलं की रक्त, कठीण असलं की हाड. कास्थीत, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेत, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गुडघ्याची झीज सहजी भरून येत नाही. स्नायूंचे तीन प्रकार आणि चेता (मज्जातंतूंची) ऊती याच पद्धतीने लवकर होतील.

आता लॅब. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथे आधी विद्राव्यता चाचणी ही सोपी प्राथमिक तपासणी होते, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी वाहक कोण आणि रुग्ण कोण ते ठरतं. हीदेखील एका ऊतीचीच, रक्ताची तपासणी. तंबाखू-गुटख्याने तोंडात जखम झाली की तिथला तुकडा काढून पाठवतात. अभिस्तराच्या बिघडलेल्या पेशी खालचा पातळ पडदा (आधारपटल) फोडून आत शिरल्या आहेत का, हे डॉक्टर सूक्ष्मदर्शकात पाहतात. त्यासाठी तुकड्याचा काप लावलेली काच (स्लाइड) तयार करतो तंत्रज्ञ.

त्याचं काम असं चालतं. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात, तुकड्याच्या किमान १० पट द्रावणात बुडवायचा. सलाइनमध्ये किंवा कोरडा पाठवला तर पेशी आपल्याच विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळतात, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, मग अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणाऱ्या झायलीनमधून न्यायचं, वितळलेल्या मेणात मुरवायचं. अल्कोहोलमध्ये घाई केली तर आत पाणी राहतं, मेण शिरत नाही आणि कापताना मधला भाग गळून पडतो. हाड आधी आम्लात मऊ केलं नाही तर मायक्रोटोमचं, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्राचं, पातं खराब होतं. काप ४ ते ५ मायक्रॉनचा, म्हणजे लाल रक्तपेशीच्या व्यासापेक्षाही पातळ. तो कोमट पाण्यावर पसरायचा. पाणी फार तापलं तर मेण वितळून काप विस्कटतो, थंड असलं तर सुरकुत्या राहतात. मग रंग: हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळसर-जांभळं होतं, इओसिनने बाकीचं गुलाबी. हे पाहिलेल्या मुलीला तो धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही.

म्हणून माझं मत: तिला जाऊ द्या, पण डीएमएलटीच्या पाटीवर भुलू नका. त्या नावाखाली वेगवेगळ्या कालावधीचे आणि दर्जाचे कोर्स चालतात. जमत असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स आधी पाहा: तीन वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत स्वतः जाऊन यंदा कोणते पॅरामेडिकल कोर्स आहेत ते विचारा.

खासगी संस्थेत फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मान्यता कोणाची, पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात किती तास. मग लॅब दाखवा म्हणा. मायक्रोटोमवर धूळ असेल आणि मुलांनी स्वतः केलेल्या काचा दाखवता येत नसतील, तर फी न भरता परत या.