ठाण्यातल्या जुन्या पत्त्यावरून एखाद्याचा फोन नंबर फुकटच्या ऑनलाईन डिरेक्टरीत मिळेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांचे ऑफिसातले मित्र 1990च्या सुमारास नौपाड्यात राहायचे. नाव, आडनाव आणि बिल्डिंगचं नाव एवढंच हाताशी आहे. तर नंबर कुठे मिळेल?

डिरेक्टरीत जवळपास नाहीच. माणूस सापडेल कदाचित, पण वाट वेगळी आहे.

मी वाशीतल्या एका जुन्या सिडको बिल्डिंगच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पुनर्विकासाच्या सभेची नोटीस सगळ्या मेंबरांना पोचवायची होती आणि 64 पैकी 9 जण कुठे गेलेत ते कुणालाच माहीत नव्हतं. फ्लॅट भाड्याने दिलेले, भाडेकरू एजंटला ओळखणार, एजंटने धंदा बदललेला. तेव्हा या सगळ्या साईट मी पालथ्या घातल्या.

आपल्याकडे मोबाईल नंबरांची सार्वजनिक डिरेक्टरी नाही. एमटीएनएलची जाडजूड पुस्तकं होती, ती लँडलाईनची. आमच्या ऑफिसात त्यातलं एक अजून आहे, कपाटाच्या मोडक्या पायाखाली. तुमच्या वडिलांच्या डायरीत सात आकडी नंबर असेल तर त्याच्या आधी 2 लावून एकदा फिरवून बघा. बहुतेक लाईन बंद झाल्यात, पण फोनला दोन रुपये जात नाहीत. जस्टडायलवर दुकानं, डॉक्टर, क्लासवाले मिळतात. घरात बसलेला निवृत्त माणूस नाही. ट्रूकॉलर नंबरावरून नाव सांगण्यासाठी चांगला, आपल्याला हवंय ते नेमकं उलटं.

बाकीच्या ‘फुकट शोधा’वाल्या साईटबद्दल एवढंच सांगतो. एकीवर मी आमच्या मेंबरचं नाव टाकलं, तर तिने आधी माझाच मोबाईल नंबर मागितला. ओटीपी दिला. मेंबर काही मिळाला नाही, पण त्या आठवड्यात पर्सनल लोनवाल्यांना मी मिळालो. एक मेंबर न्यू जर्सीला गेलेला होता, तो मात्र व्हाईटपेजेसवर दहा मिनिटांत पत्त्यासकट सापडला. तिकडच्या नोंदी उघड असतात, म्हणून तिकडे जमतं.

आपल्याकडे खरा उपयोग झाला तो मतदार यादीचा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर भागवार पीडीएफ फुकट मिळतात. नौपाडा म्हणजे 148 ठाणे मतदारसंघ. आधी तो निवडा, मग तुमच्या बिल्डिंगचा यादी भाग शोधा. पाचपाखाडी-कोपरीकडचं असेल तर 147. यादीत फोन नंबर नसतो. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. पण तेच पुरतं, कारण एका घर क्रमांकाखाली अख्खं कुटुंब ओळीने दिसतं. माणूस 75 वर्षांचा असला तर इंटरनेटवर नसेल, पण त्याचा मुलगा असतो. वडिलांचं नाव जुळणारा 40-45 वर्षांचा माणूस यादीत हेरा आणि त्याचं पूर्ण नाव लिंक्डइनवर, फेसबुकवर टाका. माझ्या 9 पैकी 5 जण असेच पोरांमार्फत मिळाले.

स्पेलिंगला मात्र जपा. आमच्या दप्तरात ‘दत्तात्रेय’, यादीत ‘दत्तात्रय’. मी दोन संध्याकाळी पीडीएफमध्ये सर्चच्या भरवशावर बसलो होतो. शेवटी डोळ्यांनी पानं वाचली तेव्हा चौथ्या पानावर सापडले. आणि आडनाव पाटील किंवा म्हात्रे असेल तर मधलं नाव मिळवल्याशिवाय सुरुवातच करू नका, इथे एका गल्लीत त्याच नावाचे तिघे निघतात. सोडून गेलेल्यांची नावंही यादीत वर्षानुवर्षं राहतात. तुमच्यासाठी ते चांगलंच आहे.

ते काका स्वतः डॉक्टर किंवा सीए असते तर त्यांच्या कौन्सिलच्या, इन्स्टिट्यूटच्या साईटवरही बघता आलं असतं.

यातलं काही जमलं नाही तर सरळ नौपाड्यात जा. बिल्डिंग पाडून टॉवर झाला असला तरी सोसायटी सहसा तीच असते, मेंबरांचं रजिस्टरही. दुपारी जाऊ नका, ऑफिसला कुलूप असतं. रविवारी सकाळी दहानंतर जा. आणि सेक्रेटरीकडे नंबर मागू नका. एका कागदावर वडिलांचं नाव, दोघं कुठल्या ऑफिसात होते ते आणि तुमचा नंबर लिहून द्या, म्हणावं ‘एवढा त्यांना पोचवा’. असा कागद घेऊन कोणी आलं तर मी त्याच संध्याकाळी मेंबरला फोन करतो. नुसता नंबर मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतो.