हाताने कागद कापून केलेलं काम : आर्ट का क्राफ्ट?

हाताने कापलेल्या कागदाला आर्टमध्ये जागा आहे, आणि ती काल-परवाची नाहीये, ऐंशी वर्षं तरी झाली असतील. तुम्ही विचारलंय की म्हापशात घरी बसून तुम्ही ब्लेडने कागद कापून चित्रं करता, इन्स्टावर लोक ‘बापरे किती पेशन्स’ म्हणतात, पण एका गॅलरीवाल्यांनी ‘छान आहे पण हे क्राफ्ट झालं’ असं म्हणून फाईल परत दिली, तर आजच्या आर्टमध्ये हाताने कापलेल्या कागदाला काही किंमत आहे का, का लेझर कटरच्या जमान्यात आपलं उगाच चाललंय. मी फोंड्याला असतो, नोकरी सांभाळून बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा लांबेल.

खरं सांगू का, मला त्या गॅलरीवाल्यांपेक्षा तुमच्या इन्स्टावरच्या ‘बापरे’वाल्यांची जास्त काळजी वाटते. कारण ‘किती बारीक, किती वेळ लागला असेल’ हे कौतुक कानाला गोड लागतं आणि मग आपण पुढचं काम अजून बारीक करतो, त्याच्या पुढचं अजून बारीक, मोराच्या पिसात पीस आणि पानात पान, आणि बघणारा ते भिंग घेऊन बघतो, थक्क होतो आणि घरी जातो, चित्र काय होतं ते त्याला आठवतही नाही. कारागिरी दिसली की लोक तिथेच थांबतात. गॅलरीवाल्यांनी क्राफ्ट म्हटलं ते बहुतेक कागदाला नाही म्हटलं, या थांबण्याला म्हटलं असणार. (किंवा त्यांना खरंच काही कळत नसेल, तेही शक्य आहे, पणजीत काय सगळे जाणकारच बसलेत असं नाही.)

फ्रेंच चित्रकार मातीसचं उदाहरण सगळे देतात पण नीट बघून कुणी देत नाही. १९४१ ला त्याचं मोठं ऑपरेशन झालं, नंतर उभं राहून पेंटिंग करणं जमेना, मग असिस्टंट लोकांनी कागदाला गुआश (पाण्यात मिसळायचा दाट, अपारदर्शक) रंग लावून द्यायचे आणि हा खुर्चीत नाहीतर पलंगावर बसून मोठ्या कात्रीने सरळ रंगातच आकार कापायचा, आधी पेन्सिलने आउटलाइन वगैरे काही नाही. ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, काढायचे, हलवायचे, पुन्हा लावायचे. त्याचं ‘गोगलगाय’ नावाचं १९५३ चं काम लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद, आणि त्यात आहेत काय तर रंगीत कागदाचे ओबडधोबड तुकडे, गोल फिरत गेलेले. बारीक काम शून्य. दुसरीतलं पोरही कापेल असे तुकडे, पण कुठला रंग कुठल्या रंगाला किती टेकवायचा हे ठरवायला मातीसच लागतो. २०१४ ला टेट मॉडर्नने त्याच्या या कटआउट्सचं प्रदर्शन भरवलं तेव्हा साडेपाच लाखांवर लोक बघून गेले. म्हंजे कागद म्हणून कुणी नाक मुरडलं असं काही झालं नाही.

तेवढं लांब नको असेल तर शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी बघा. १९५० च्या दशकात डोळ्यांचं ऑपरेशन फसलं आणि दृष्टी पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून आणि चिकटवून चित्रं केली. हाताला कागदाची कड लागते, रंगाची रेघ लागत नाही, एवढं साधं कारण. माणसं, बसण्याची ढब, मान वळवलेली, सगळं दोन-चार आकारांत. मला ती चित्रं मातीसपेक्षाही जवळची वाटतात, पण आपल्याकडे त्यांचं नाव कागदकामासाठी कुणी घेत नाही, भित्तिचित्रांसाठी घेतात.

आणि आजचं म्हणाल तर केरा वॉकर. अमेरिकेची, कृष्णवर्णीय, १९६९ चा जन्म. हिचं काम म्हंजे काळ्या कागदातून कापलेल्या माणसाएवढ्या आकृत्या, सरळ गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर चिकटवलेल्या. १९९४ ला न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये पहिल्यांदा मोठं काम लावलं आणि तीन वर्षांत, तिशीच्या आत, मॅकआरthर फेलोशिप, म्हंजे अमेरिकेतला मोठा मान, मिळाली. पण गंमत कशात आहे ते बघा. छायाकृती, ते काळे सिल्हुएट, म्हणजे पूर्वी सभ्य घरांतल्या दिवाणखान्यातला प्रकार, कॅमेरा नव्हता तेव्हा स्वस्तातलं पोर्ट्रेट. हिने तोच गोडगोड प्रकार उचलला आणि त्यात गुलामगिरीच्या काळातले अत्याचार भरले. लांबून बघितलं तर घागऱ्यातल्या बायका, झाडं, चंद्र, आणि जवळ गेलं की अंगावर काटा. त्यात मालक आणि गुलाम दोघेही काळेच, कारण कागद काळा, मग कोण कोण आहे हे तुम्ही नाकावरून ओठांवरून ठरवता आणि ठरवताना तुमच्याच डोक्यातला कचरा तुम्हाला दिसतो. हे तेलरंगात जमलं नसतं. कागद कापला म्हणूनच जमलं. तुमच्या कामाला हाच प्रश्न विचारून बघा, की हे कापलं नसतं, नुसतं पेनाने काढलं असतं, तर काय गेलं असतं? उत्तर ‘कौतुक गेलं असतं’ एवढंच येत असेल तर गॅलरीवाले बरोबर होते.

आता लेझर. यंत्र आलं की हात संपला ही भीती दोनशे वर्षं जुनी आहे. १८०० च्या सुमाराला फिलाडेल्फियात चार्ल्स पील नावाच्या चित्रकाराच्या म्युझियममध्ये चेहऱ्याची बाजूची रेघ उमटवणारं यंत्र होतं, आणि ते चालवायला, त्यावरून कागद कापायला होता मोझेस विल्यम्स, पीलच्याच घरचा, गुलामीतून नुकताच सुटलेला. वर्षात आठ हजारांवर चेहरे निघाले तिथे. यंत्र रेघ द्यायचं, पण पापणीची कड, केसांची बट कुठे सोडायची हे मोझेसच्या हातात. लेझरचंही तसंच. ओलाफुर एलियासन या डॅनिश-आइसलँडिक कलाकाराने २००६ ला स्वतःच्या घराच्या आतली पोकळी एका पुस्तकात लेझरने कापली, ४५४ पानं, प्रत्येक पान वेगळं कापलेलं, त्याला कुणी ‘हाताने का नाही केलं’ विचारत नाही कारण कल्पनाच तशी आहे. बाकी डिझाइन रिपीट करायचं असेल, लग्नाच्या पत्रिका असतील, तर लेझर वापरा, बिनधास्त. फक्त लेझरने कड जळून किंचित तपकिरी होते आणि सगळीकडे एकसारखी येते. हाताच्या ब्लेडला वळणावर थोडं थांबावं लागतं आणि ते थांबलेलं दिसतं. फक्त नक्षीच काढणार असाल तर लेझरशी रेस लावू नका, हराल.

गोव्यात हे क्राफ्ट का ठरतं त्याला एक आपलंही कारण आहे असं मला वाटतं. आपल्याकडे कागद हा सणाचा. चवथीला मखर आणि पताका, दिवाळीला आकाशकंदील, त्यांच्या स्पर्धा होतात आणि तिथे काही पोरं खरंच तोंडात बोट घालायला लावतात, नरकासुराच्या अंगावरचा कागद तर पहाटे जाळायलाच लावलेला असतो, नाताळात ख्रिश्चन शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात तारे. सगळं सुंदर आणि आठ-पंधरा दिवसांत कचऱ्यात. ज्याचं जपून ठेवायचं काहीच राहत नाही त्याला म्युझियम काय करणार. मथुरा-वृंदावनच्या सांझीचं बघा, तिथे कागद कापून स्टेन्सिल करतात आणि त्यातून पितृपक्षात देवळात रांगोळी घालतात, रांगोळी पुसली जाते पण स्टेन्सिल उरतात, घराण्यात जपली जातात, आणि त्यामुळे आज ती फ्रेम करून विकता येतात. दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सची खेळांची चिन्हंसुद्धा सांझीवरून केली होती. चीनच्या कागदकामाला २००९ ला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्या आकाशकंदिलाचे जुने नमुने कुणी ठेवलेत का शोधा, घरोघरी नाहीच म्हणतील.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत, मानायचं तर माना. राधाकृष्ण आणि मोर थोडे दिवस बाजूला ठेवा, इन्स्टावर ते ढिगाने आहेत. एकाच विषयावर आठ-दहा कामं करा. खाणीने पोखरलेला डोंगर घ्या, त्यातून कागद काढून टाकणं हाच अर्थ होतो. नाहीतर कुलूप लावलेली जुनी घरं, मोठे जाळीचे दरवाजे, शिंपल्यांच्या खिडक्या. हे सगळं तसंही आत-बाहेर आणि पोकळीचंच आहे, कागदाला आयतं मिळतं.

टेक्निकलमध्ये आपली मोठी शत्रू हवा आहे. कागदाला साधारण ५० टक्के आर्द्रता बरी, ६५-७० च्या वर गेली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याच्या कितीतरी वर असते. तेव्हा अ‍ॅसिड-फ्री म्हंजे आम्ल नसलेला कागद घ्या, १२० ते १६० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), पातळ घेतला तर पावसात लाटा येतात. फेविकॉलने पूर्ण चिकटवू नका, ओल लागून कागद आखडतो आणि मग काढताही येत नाही, चारच ठिकाणी गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या लावून टांगतं ठेवा. फ्रेममध्ये काचेला टेकू देऊ नका, मध्ये स्पेसर (काच आणि कागदात अंतर ठेवणारी पट्टी) हवाच, आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती भिंत आतून ओली असते. कसर, म्हंजे कागद खाणारी कीड, ती वेगळीच. वर्षातून एकदा फ्रेम उघडून बघायची सवय लावा, एवढं केलं तर गिऱ्हाईकाला ‘हे टिकेल का’ याचं उत्तर देता येतं, आणि तो प्रश्न शंभरातले नव्वद जण विचारतातच.

वयाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असेल तर मेरी डेलानी नावाच्या बाईंनी ७२ व्या वर्षी कागद कापून फुलं करायला घेतली, हजाराच्या जवळपास केली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आणि पुढच्या वेळी नुसती फोटोंची फाईल देऊ नका. फोटोत कापलेला कागद प्रिंटसारखाच दिसतो, कारण मागच्या कागदावर पडणारी सावली त्यात बऱ्याचदा नीट येत नाही. डिसेंबरमध्ये पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, त्या आठवड्यात बाहेरचे क्युरेटर गावात असतात, तेव्हा एक तरी मूळ काम, स्पेसर लावून फ्रेम केलेलं, सोबत घेऊन जा आणि भेटतील त्यांच्या टेबलावर ठेवा.