वस्तीवरची कुत्री आणि थंडी

प्रश्न : मेढ्याजवळ वेण्णेच्या काठाला आमची वस्ती आहे. राखणीला ११ वर्षांचा एक कुत्रा असून एक कुत्री दहा दिवसांपूर्वीच व्यायली आहे. रात्री पडवीतल्या फरशीवर पोते टाकून आम्ही कुत्र्याच्या अंगावर चादर घालतो, तरीही सकाळी उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात. आणखी काय करावे?
– एक वाचक, ता. जावळी

उत्तर : उद्या पहाटे त्या पोत्याखाली हात घालून पाहा; तळवा ओला झाला, तर दुखणे कुठून येते ते आपल्याला तिथेच कळेल. महाबळेश्वराकडची थंड, जड हवा रात्री उतारावरून खोऱ्यात येऊन साचते, दवही भरपूर पडते आणि गोणपाट ती ओल शोषून धरते, त्यामुळे वरून चादर असली तरी खालची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाकडे लक्ष द्यावे. विटांवर फळी टाकून जागा जमिनीपासून चार बोटे उचलावी आणि तीवर भाताचा कोरडा पेंढा वीतभर पसरावा. कुत्रा त्यात गोल फिरून स्वतःच खळगा करतो व त्यात ऊब टिकते. पाचट मात्र वापरू नये, कारण त्याच्या कडा अंगाला कापतात. खोपटे करणार असाल, तर कुत्र्याला आत वळता येईल एवढेच ठेवावे. प्रशस्त खोपटे त्याच्या अंगाच्या उबेने तापत नाही. दाराचे तोंड वाऱ्याच्या आड असावे.

म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे बहुधा आखडले असावेत, तरी पशुवैद्यकाकडून एकदा तपासून घ्यावे. घरातली वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, कृपया देऊ नये. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पिल्लांची मला अधिक काळजी वाटते. पहिले सुमारे दोन आठवडे पिल्लांना कुडकुडून अंगात ऊब आणता येत नाही, त्यामुळे आई उठून गेली की ती लगेच गार पडतात. त्यांना गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात हलवावे आणि कुत्रीला खाणेपाणी तिथेच द्यावे. एखादे पिल्लू गार आणि मलूल लागले, तर त्याला आधी छातीशी धरून हळूहळू ऊब द्यावी व मगच दूध पाजावे, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शेकोटीजवळ नेऊ नये.

थंडीत बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला खाणेही जास्त लागते. नुसत्या दूधभाकरीवर न भागवता उकडलेले अंडे घालावे, आणि व्यालेल्या कुत्रीला तर दिवसातून तीन-चार वेळा पोटभर द्यावे.

प्रश्न : आमच्या कारवानी कुत्र्याला स्वेटर घालावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : घालावा. या जातीच्या अंगावर चरबी कमी आणि केस आखूड असल्याने तिला थंडी लवकर बाधते. मात्र स्वेटर दवाने भिजला की तो तसाच अंगावर ठेवणे न घालण्यापेक्षा वाईट, म्हणून पहाटे फिरून आल्यावर पोटाखालचा भाग चाचपून पाहावा आणि ओला लागल्यास स्वेटर काढून अंग कोरडे पुसावे. कुडकुडणारा कुत्रा कुडकुडायचा थांबला आणि सुस्त झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये. गुद्द्वाराशी मोजलेले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर त्याला घोंगडीत गुंडाळून तातडीने दवाखान्यात न्यावे.